कुणी न छेडलेला सूर

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. कुणी गायला नाही, कुणी वाजवला नाही, तरी कानाला स्वच्छ ऐकू येतो, असा सूर कोणता?

वाऱ्याचा म्हणाल, तर नाही. वारा बांबूच्या बनात शिरतो, पानांना हलवतो, म्हणजे वाजवतोच की! पावसाचाही नाही. आमच्या मुळशीतला पाऊस तर पत्र्यावर नुसता ताशा वाजवतो. हवाय तो न वाजवलेला सूर!

हरलात? मग ऐका. हा सूर तंबोऱ्यात राहतो.

तंबोरा तुम्ही पाहिला असेल. गवयाच्या मागे बसून कुणीतरी तो मांडीवर उभा धरतं आणि हलक्या बोटानं तारा छेडत राहतं. बहुतेक तंबोऱ्यांना चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाला म्हणजे ‘प’ला लावतात, मधल्या दोन ‘सा’ला आणि शेवटची, जाड पितळी, खालच्या ‘सा’ला. तिला खर्ज म्हणतात. झाले सूर दोनच, सा आणि प. पण तंबोरा नीट जुळला, की त्या गुंजनातून हळूच एक तिसराच सूर डोकावू लागतो. तो असतो गांधार, म्हणजे ‘ग’! गांधाराची तार तंबोऱ्यावर नाही. कुणी ती छेडलेली नाही. तरी तो येतो. गवई त्याला मोठ्या प्रेमानं ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात.

यात जादू नाही हं, विज्ञान आहे. तार छेडली की ती पूर्ण लांबीनं थरथरते. पण त्याच वेळी ती अर्ध्या लांबीनं, तिसऱ्या हिश्शानं, चौथ्या, पाचव्या हिश्शानंही थरथरत असते. प्रत्येक थरथरीचा सूर वेगळा. खर्जाच्या तारेच्या पाचव्या हिश्शाची थरथर म्हणजेच हा गांधार. एरवी तो इतका नाजूक असतो, की मोठ्या सुरात बुडून जातो. म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी बसला, की तार झणझणत खुलते आणि दडलेले सूर वर येतात. याला ‘जवारी’ लावणं म्हणतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला, की गांधार पुन्हा गुडुप!

आणखी एक गंमत. उत्तम तंबोरे बनतात आपल्या मिरजेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे पिकतात सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात. आता नकाशा काढा. मुळशी धरणातून पावसाळ्यात सोडलेलं मुळेचं पाणी पुण्यात मुठेला भेटतं, पुढे भीमेला मिळतं आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे आमच्या माले गावाच्या शिवारात पडलेला पाऊस कुठल्या तरी तंबोऱ्याच्या भोपळ्यापर्यंत पोचतही असेल! तो भोपळा आतून कोरून, वाळवून पोकळ करतात. पोकळ असतो म्हणूनच तो घुमतो.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? कारण आज ज्या गाण्यांबद्दल बोलायचं आहे, ती गाणीही अशाच न दिसणाऱ्या, न छेडलेल्या गोष्टीबद्दल आहेत. त्यांना म्हणतात ‘निर्गुणी भजनं’.

पाय कुठे ठेवू?

‘निर्गुण’ हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला, की मुलांच्या कपाळावर हमखास आठ्या पडतात. एकदा चौथीतल्या एका मुलानं विचारलं, “बाई, देवाला रूपच नाही, तर मग गाणं कुणाकडे बघून म्हणायचं?”

प्रश्न किती छान आहे, पाहा! आमच्याकडे गावोगावच्या भजनात आधी ‘रूपाचे अभंग’ म्हणतात. विठ्ठल कसा उभा आहे, त्याच्या गळ्यात काय आहे, त्याचं मुख कसं आहे, हे डोळ्यांपुढे आणून गायचं. ही झाली सगुण भक्ती. निर्गुणात मात्र ना मूर्ती, ना रंग, ना हात-पाय. मग गायचं तरी काय?

याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. संत नामदेव विठ्ठलाचे लाडके भक्त. पण एकदा संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र रागावले. गोरोबा म्हणाले, “हे मडकं अजून कच्चं आहे!” झालं, नामदेव रुसून पंढरपूरला आले. तिथे विठ्ठलानंच त्यांना सांगितलं, की विसोबा खेचरांना गुरू कर.

नामदेव त्यांना शोधत गेले. पाहतात तर काय, विसोबा देवळात महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलेले! नामदेव दचकले. म्हणाले, “अहो, पाय काढा.” विसोबा शांतपणे म्हणाले, “बाबा, मी म्हातारा झालो. तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव.” नामदेवांनी पाय उचलले आणि दुसरीकडे ठेवले. तिथे पिंड उभी! तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंड! देव नाही अशी जागाच सापडेना. तेव्हा नामदेवांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ही गोष्ट परंपरेनं चालत आलेली आहे. घडली तशीच घडली असेल, असं समजू नका. पण तिच्यात निर्गुणाचा अर्थ अगदी नेमका सापडतो. देवाला एकच आकार दिला, की तो एकाच जागी बसतो. आकार काढून घेतला, की कोणतीच जागा त्याच्यावाचून उरत नाही.

पुढे नामदेव उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि आजही ती गुरुद्वारांत गायली जातात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. एका मराठी संताचे शब्द इतक्या लांब पोचले ते रस्त्यानं चालत आणि तोंडानं गात!

नामदेवांनंतर सुमारे शंभर वर्षांनी काशीत कबीर झाले. ते विणकर होते. दिवसभर मागावर कापड विणायचं आणि विणता विणता पदं म्हणायची. त्यांच्या पदांत नामदेवांचं नाव आदरानं येतं. कबीरांच्या गाण्यांत देवाचे दागिने नाहीत. तिथे आहेत विणलेली चादर, मातीचा घडा, झाडावरचं पान, एकटा उडून जाणारा हंस आणि रिकामं घर. आणि हो, तिथे एक न वाजवता वाजणारा नादही आहे. जुने योगी त्याला ‘अनाहत नाद’ म्हणत. टाळावर टाळ आपटला, की होतो तो आहत नाद. काहीही न आपटता आत ऐकू येतो तो अनाहत. आता कळलं ना, मी सुरुवातीला तंबोऱ्याचं कोडं का घातलं?

गाणं बंद!

आता या गोष्टीत एक मुलगा येतो. त्याचं नाव शिवपुत्र कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी. हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. तुमच्याएवढा होण्याआधीच त्याला लोकांनी ‘कुमार गंधर्व’ म्हणायला सुरुवात केली. पुढे मुंबईत प्राध्यापक बा. र. देवधर यांच्याकडे तो रीतसर शिकला. विशीत पोचेपर्यंत त्याचं नाव देशभर झालं.

आणि मग घात झाला. १९४७ साली त्यांचं लग्न झालं आणि त्याच सुमारास त्यांना क्षयरोगानं गाठलं. क्षय, म्हणजे टीबी. हा रोग जंतूंमुळे होतो आणि बहुतेकदा फुप्फुसं पोखरतो. आज त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि नेमानं घेतलं, की बहुतेक रोगी खडखडीत बरे होतात. तेव्हा तसं नव्हतं. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेत १९४३ साली सापडलं खरं, पण ते सगळीकडे पोचायला वेळ लागला. तोवर उपाय म्हणजे कोरडी हवा, चांगलं अन्न आणि विश्रांती.

म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते मध्य प्रदेशातल्या देवासला राहायला गेले. देवास म्हणजे इंदूरजवळचं, माळव्यातलं गाव. पवार या मराठी घराण्याचं ते जुनं संस्थान. हवा चांगली. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं, “गायचं नाही.”

विचार करा मुलांनो! ज्याचा श्वास म्हणजेच गाणं, त्यानं तेवीस-चोविसाव्या वर्षी अंथरुणावर पडून राहायचं आणि तोंडातून सूर काढायचा नाही. एक-दोन दिवस नाही, जवळजवळ पाच वर्षं! पुन्हा कधी गाता येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी भानुमती यांनी त्यांची रात्रंदिवस शुश्रूषा केली.

गाता येत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? ते ऐकत राहिले.

माळव्यातल्या बायका लग्नात, सणात, पावसात गाणी म्हणत. ती ऐकली. रस्त्यानं जाणारे गोसावी, नाथपंथी साधू एकतारीवर कबीराची, गोरखनाथाची भजनं म्हणत. ती ऐकली. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथेही या निर्गुणी भजनांची मोठी परंपरा होती. दारावर भिक्षेला आलेल्या माणसाच्या आवाजात त्यांना असं काही सापडलं, जे मोठ्या मैफलीतही सापडलं नव्हतं. तो भिक्षेकरी समोर कोण बसलंय हे पाहत नव्हता. वाहवा मिळावी म्हणूनही गात नव्हता. तो सरळ आकाशात सूर फेकून देत होता. असं गाणं म्हणजे आपल्याच नादात एकट्यानं चालणं!

पुढे औषध मिळालं, गुण आला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गायला बसले. पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं होतं. लांबलचक ताना घेणारा तो जुना दमसास आता नव्हता.

त्यांनी रडत न बसता आहे त्या श्वासातून नवं गाणं घडवलं. छोटे छोटे सुरांचे तुकडे. एखादा सूर एकदम वर फेकायचा आणि लगेच थांबायचं. मध्ये क्षणभर शांतता. त्या शांततेत काय ऐकू येतं? मागे जुळलेले तंबोरे! कुमारजी तंबोरे लावण्याबद्दल फार काटेकोर होते. गाणाऱ्याचा आवाज थांबला, तरी सूर थांबत नाही, हे त्यांच्या मैफलीत ऐकणाऱ्याला समजत असे.

देऊळ ते मैफल

दारावरचं ते भजन कुमारजींनी उचललं आणि मैफलीत नेलं. म्हणजे काय केलं?

आपल्याकडे ख्याल हा शास्त्रीय गायनाचा प्रकार. त्यात राग मुख्य, शब्द थोडे. ठुमरी, दादरा, नाट्यगीत, भजन ही मंडळी त्याच्या शेजारची. त्यांना उपशास्त्रीय किंवा सुगम म्हणतात. इथे रागाचा आधार असतो, पण शब्दाचा मान मोठा. शब्द कळला नाही, तर गाणं फसलं! म्हणून भजन गाणाऱ्या गवयाची खरी परीक्षा असते. गळ्यात सगळं सामर्थ्य आहे, तरी ते शब्दापेक्षा मोठं होऊ द्यायचं नाही.

कुमारजींनी निर्गुणी भजनाची मूळची लोकचाल आणि तिचा साधेपणा जपला. रागदारीची नक्षी फार काढली नाही. उलट कबीर ‘रिकामं’ म्हणतात तिथे आवाजही रिकामा केला. वसुंधरा कोमकळी यांच्यासह त्यांनी गायलेली ही भजनं आजही घराघरांत ऐकली जातात. संत तुकारामांच्या अभंगांवरही त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम बांधला होता. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले. त्याआधी १९९० मध्ये सरकारनं त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला होता.

असं देवळातलं गाणं मैफलीत नेणारे आणखीही थोर गायक झाले. पंडित भीमसेन जोशी पुण्यात राहत. त्यांनी ‘संतवाणी’ या कार्यक्रमातून अभंग देशभर नेले. ज्यांना मराठी येत नाही, असे लोकही त्या अभंगांवर टाळ्यांचा ठेका धरत. आणि किशोरी आमोणकर यांनी संत सोयराबाईंचा एक अभंग असा गायला, की सोयराबाईंचं नाव ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांच्याही ओठांवर तो आला.

सोयराबाई कोण, ठाऊक आहे? संत चोखामेळा यांच्या पत्नी. त्यांच्या जातीला अस्पृश्य मानलं जाई, म्हणून पंढरपूरच्या देवळात त्यांना पाऊल टाकू देत नसत. ही बंदी शेकडो वर्षं टिकली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे ते मंदिर सर्वांना खुलं झालं. ज्या बाईला दाराबाहेर उभं केलं, तिनं सगळे भेद विरून गेल्याचं गाणं रचलं! देवळात शिरायला तिला बंदी होती, पण तिच्या शब्दांना कोण अडवणार? ते मुखामुखातून वाहत राहिले आणि सहाशेहून अधिक वर्षांनी मोठमोठ्या सभागृहांत घुमले.

आता तुमचं काम

मुलांनो, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कबीर मागावर बसून पदं म्हणत होते, सोयराबाई घरकाम करता करता. ही पदं टिकली, कारण कुणीतरी ती ऐकली, पाठ केली आणि पुढच्याला सांगितली. पुढे काहींनी ती उतरूनही घेतली. पण वहीत फक्त शब्द उतरतात, चाल उतरत नाही. चाल गळ्यातच राहते. ज्या दिवशी ती म्हणणारं शेवटचं माणूस गप्प होतं, त्या दिवशी चाल संपते.

आमच्या मुळशीत अजून गावोगाव एकादशीला भजन असतं, कार्तिकात पहाटे काकडा असतो. टाळ, पखवाज, पेटी सगळं असतं. पण नीट पाहा बरं, टाळ धरणाऱ्यांत तुमच्या वयाचे किती असतात? भातलावणीला वाकलेल्या आज्यांना जी गाणी येतात, ती तुमच्यापैकी किती जणांना येतात?

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहा.

पहिली, आजी-आजोबांकडून किंवा शेजारच्या भजनीबुवांकडून एक असं भजन शिका, जे तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही. वहीत शब्द लिहा. कुणाकडून ऐकलं, कधी म्हणतात, तेही लिहा. मोबाईल असेल तर त्यांना विचारून आवाज भरून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका, स्वतः म्हणून दाखवा. ते चुका काढतील, काढू द्या. भजन असंच पुढे जातं.

दुसरी, कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन घरात शांतपणे ऐका. पहिल्यांदा फक्त तंबोरे ऐका. दुसऱ्यांदा शब्द ऐका. तिसऱ्यांदा ते जिथे थांबतात, त्या जागा मोजा. भाषा हिंदी असली, तरी अडलेला शब्द मोठ्यांना विचारा. पहिल्या खेपेला कंटाळा आला तर घाबरू नका. गांधारही पहिल्या क्षणी ऐकू येत नाही.

तिसरी गोष्ट भजनाच्या जागी करायची. विणेकरीबुवांना विचारून त्यांच्या वीणेजवळ कान न्या. सगळे गात असताना, त्यांनी तार छेडली नाही तरी ती आपोआप बारीक गुणगुणते का, पाहा. बाहेरचा सूर तारेच्या सुराशी जुळला, तर ती गुणगुणायलाच हवी. जुळला नाही, तर ती गप्प बसेल. काय आढळलं ते शाळेत गुरुजींना, बाईंना सांगा.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलं ऐकायला बसतील तेव्हा त्या दहा मिनिटांपुरता दूरदर्शनसंच बंद ठेवा आणि आपणही त्यांच्याजवळ बसा. “हे तुला कळायचं नाही” असं मात्र म्हणू नका. चौथीतल्या मुलानं विचारलेला प्रश्न वर सांगितलाच आहे. तोच प्रश्न नामदेवांनाही पडला होता.